माया हवीच, पण प्रशिक्षणही हवं

"मुलांवर माया करतात, आणखी काय हवं?" विशेष शिक्षकांबद्दल आपण सहज असं बोलून जातो. माया हवीच, पण कर्णबधिर मुलाला भाषा देणं, अंध मुलाच्या बोटांना ब्रेल शिकवणं, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीकडून अंघोळीसारखं रोजचं काम एकेक पायरी करून घेणं, ही तीन वेगळी कौशल्यं आहेत. ती शिकावीच लागतात.

म्हणूनच १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा डी.एड. किंवा बी.एड.सारखा अभ्यासक्रम पूर्ण करून केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं. नोंदणीविना काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक, तर वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं.

डॉक्टरांच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र आपण पाहतोच ना? मग पालकहो, शिक्षकांचा नोंदणी क्रमांकही नि:संकोच विचारा. चुकीच्या हाती गेलेली शिकण्याची वर्षं मुलाला परत मिळत नाहीत.