प्रश्न विचारा, पाणउतारा नको!

कॉलेजच्या नोटीस बोर्डवर ‘राष्ट्रीय परिषद’ असा कागद लागला, की आपल्या डोक्यात आधी तीन प्रश्न येतात. सर्टिफिकेट मिळणार का? जेवण काय? आणि पोस्टर छापायला किती लागतील? तिथं वागायचं कसं, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

समजा, तुम्ही हिवरखेडचे आहात. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात. खारपाणपट्ट्यातल्या वीस विहिरींचं पाणी तपासून तुम्ही पोस्टर केलंय आणि पहाटेच्या एसटीनं अकोल्याला पोहोचलात. परीक्षक विचारतात, नमुने कधी घेतले? तुमच्या तोंडून निघून जातं, ‘दर महिन्याले तपासून रायलो सर.’ मागच्या रांगेत खसखस पिकते. परीक्षकही गालातल्या गालात हसतात. मग उन्हाळ्यात क्षार का वाढले, हे सांगायचं राहूनच जातं. पुढच्या परिषदेत तुम्ही हात वर कराल? बहुतेक नाही. आणि त्या वीस विहिरींबद्दल जे फक्त तुम्हाला माहीत होतं, ते त्या हॉलला कधीच कळणार नाही.

लंडनमधलं हसू

हे फक्त आपल्याकडेच होतं, असं समजू नका. ११ जानेवारी १९३५. लंडनची रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी. २४ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मांडलं, की ठरावीक वस्तुमानापेक्षा जड तारा श्वेत बटू होऊन शांत होऊ शकत नाही. लगेच त्या काळातले दिग्गज आर्थर एडिंग्टन उठले आणि त्यांनी या कल्पनेची खिल्ली उडवली. सभागृह हसलं. एडिंग्टन आणि चंद्रशेखर केंब्रिजमध्ये नेहमी भेटत, या विषयावर बोलतही. पण आपला आक्षेप एडिंग्टन यांनी आधी कधी सांगितला नव्हता. त्याच वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पुन्हा तेच झालं. उत्तर द्यायची संधी मिळावी म्हणून चंद्रशेखर यांनी अध्यक्षांना चिठ्ठी पाठवली. ती संधी त्यांना मिळाली नाही.

सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची ती मर्यादा आज ‘चंद्रशेखर मर्यादा’ म्हणून शिकवली जाते. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, म्हणजे ४८ वर्षांनी. एडिंग्टन यांनी शंका घेतली, यात काहीच गैर नव्हतं. शंका घेतल्याशिवाय विज्ञान चालतच नाही. गैर होतं ते गाफील ठेवून तरुण माणसाला सगळ्यांसमोर हास्यास्पद करणं, आणि अध्यक्षांनी त्याला उत्तराची संधी नाकारणं.

काहींना तर हॉलच्या दारातच अडवलं जातं. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. गुण उत्तम होते. तरी मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाताई अडून बसल्या, तेव्हा वर्षभर परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. १९३९ मध्ये कमलाताई केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. आज दार उघडं आहे. पण आत गेल्यावर कामाऐवजी कपड्यांवर बोललं जात असेल, तर अर्धं दार अजून बंदच आहे.

मग वागायचं कसं?

• प्रश्न कामावर हवा, माणसावर नको. ‘नमुने वीसच का?’ हा चांगला प्रश्न. ‘एवढंही माहीत नाही?’ हा प्रश्नच नाही.

• नाव सांगा, एकच प्रश्न विचारा आणि बसा. माइक हातात आला म्हणून भाषण नको.

• दहा मिनिटं दिलीत तर दहाच घ्या. जास्तीची पाच मिनिटं तुमच्या मागच्याच्या खिशातून जातात.

• उच्चार, बोली, इंग्रजी यांवर हसू नका. शेजारचा हसला, तर साथ देऊ नका.

• दुसऱ्याच्या पोस्टरचा फोटो विचारून काढा. त्यातली माहिती वापरली, तर त्याचं नाव द्या.

• पोस्टरसमोर उभ्या असलेल्या मुलीशी पोस्टरबद्दल बोला. दिसण्यावर कमेंट, नको असताना नंबर मागणं, रात्री मेसेज करणं याला ‘नेटवर्किंग’ म्हणत नाहीत.

त्रास झालाच तर

बाहेरगावी घडलं म्हणजे कॉलेजचा संबंध संपला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. उच्च शिक्षण संस्थांमधील लैंगिक छळाबाबतच्या यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत ‘कॅम्पस’ची व्याख्या बरीच मोठी आहे. विद्यार्थी म्हणून तुम्ही अभ्यास सहलीला, शिबिराला किंवा अशा इतर उपक्रमाला जाता, ती जागाही त्यात येते. तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी करायची, साधारण तीन महिन्यांच्या आत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. त्रास देणारा बाहेरचा असला, तरी तुम्हाला मदत करणं ही कॉलेजची जबाबदारी आहे. आपल्या कॉलेजच्या समितीत कोण आहे, हे निघण्याआधीच बघून ठेवा. मेसेज डिलीट करू नका.

आपली परंपरा प्रश्नांचीच

प्रश्न विचारणं वऱ्हाडाला नवं नाही. अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच असायची. बाबा विचारायचे आणि समोरची साधी माणसं उत्तरं द्यायची. झोडपायचे ते अंधश्रद्धेला आणि व्यसनाला. आणि हे सगळं चालायचं अस्सल वऱ्हाडीत.

पुढच्या वर्षी तुमच्याच कॉलेजात परिषद असेल आणि तुम्ही बॅज लावून स्वयंसेवक म्हणून उभे असाल. तेव्हा सरांना-मॅडमना दोन गोष्टी सुचवा. माहितीपत्रकावर वागण्याचे नियम आणि तक्रारीसाठीचा फोन नंबर छापा. आणि सत्राच्या अध्यक्षांना आधीच सांगा, की पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा घ्यायचा. खर्च काहीच नाही. पण मागच्या रांगेतला एखादा हात नक्की वर येईल.