छाती वाजत नाही, म्हणजे धोका नाही?

सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाभोवती जमलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : छाती वाजते का? वाजत असेल तर घबराट, नसेल तर सगळे निर्धास्त. या एका समजुतीपायी घरघरणारे पण मजेत दूध पिणारे बाळ अर्ध्या रात्री दवाखान्यात पोचते, आणि आवाज न करता भरभर श्वास घेणाऱ्या बाळाला ‘दमलंय, झोपू द्या’ म्हणून निजवून ठेवतात. दुसरी चूक जिवावर बेतू शकते. तान्ही मुले मुख्यतः नाकाने श्वास घेतात. त्यांच्या नाकपुड्या इतक्या अरुंद असतात की थोडा शेंबूडही घरघर करतो आणि छातीवर ठेवलेल्या हाताला ती जाणवते. न्यूमोनियात मात्र फुप्फुसाचा काही भाग स्रावाने भरतो, तिथे हवाच नीट खेळत नाही, मग बाहेर ऐकू येणार काय? उलट घरघर थांबली आणि बाळ मलूल झाले, तर तो उतार नव्हे. श्वास घेऊन घेऊन ते थकलेले असू शकते.

म्हणून कान लावण्याआधी अंगावरचे कपडे वर करून छाती-पोट उघडे करा आणि पाहा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. ‘हे डॉक्टरांचे काम, घरच्यांना काय जमणार?’ असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथे गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1990 साली आलेल्या त्या अभ्यासात या गावांतले बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. अंक न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे आणि वाळूच्या घड्याळाचे श्वासमापकही तिथे तयार झाले.

यावर आक्षेप येतो की ताप आला किंवा बाळ रडले तरी श्वास वाढतो. खरे आहे. म्हणून रडणे थांबल्यावर, ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचे आणि सोबत श्वासासाठी चाललेली धडपड पाहायची. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग खोल ओढला जातो का, नाकपुड्या फुलतात का, प्रत्येक श्वासाला मान हलते का, चार घोट पिऊन बाळ धापा टाकत स्तन सोडते का. नवजात बाळाची छाती मऊ असते, ती जराशी आत जाणे चालते; खोल खड्डा पडणे चालत नाही. झोपेत पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणारा श्वासही नवजात बाळात सहसा नैसर्गिक असतो. वीस सेकंद थांबला किंवा रंग बदलला, तर नाही. आवाजांपैकी एक मात्र कधीही दुर्लक्षू नये : प्रत्येक उच्छ्वासाला येणारे कण्हणे. मिटू पाहणारे वायुकोश उघडे ठेवण्यासाठी बाळ तेव्हा घसा आवळून हवा सोडत असते.

बाकीच्या समजुती थोडक्यात. ताप नाही म्हणजे न्यूमोनिया नाही, हे चूक. लहानग्याचे अंग उलट गारही पडते. हातपाय निळसर दिसणे जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत चालते, ओठ-जीभ निळी पडणे कधीच नाही. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरते. धुरीने श्वासनलिका आणखी चिडते. कापूर तान्ह्या मुलांना विषारी ठरू शकतो. पोट उडते म्हणून चटके देणे हा निव्वळ छळ आहे. सर्दीच्या औषधातले क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच बजावले आहे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास दुसऱ्यांदा मोजूनही 60 किंवा वर भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कण्हणे, निळी जीभ, खोल ओढली जाणारी छाती किंवा दूध पिणे बंद झालेले दिसले, तर कोणत्याही वयात लगेच 108 ला फोन करा.