शिळा, पट्टी आणि ओळंबा

जबलपूरला मदन महालच्या गोंड किल्ल्याकडे जाताना टेकडीवर ग्रॅनाइटची एक प्रचंड शिळा लागते. खाली एक खडक, त्यावर ही शिळा, आणि दोघांचा स्पर्श इतक्या लहानशा जागेत की बघणारा आपसूक दोन पावलं मागं सरतो. सगळे तिला बॅलन्सिंग रॉक म्हणतात. 22 मे 1997 च्या पहाटे या भागात भूकंप झाला, जमिनीखाली सुमारे 35 किलोमीटरवर, 5.8 तीव्रतेचा. जबलपुरात घरं कोसळली, माणसं दगावली. शिळा मात्र होती तिथंच राहिली.

ती कुणी उचलून तिथं ठेवलेली नाही. ग्रॅनाइटच्या भेगांतून पाणी मुरत गेलं, कडा झिजल्या, मधला टणक गाभा तेवढा उरला आणि भोवतालचा भुगा पावसानं वाहून नेला. तिच्या गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला तर तो टेकलेल्या जागेच्या आतच पडेल. एवढं जमलं की शिळेला आणखी काही करावं लागत नाही.

हाच ओळंबा आता माणसाला लावून पाहू. दोन झाडांच्या बुंध्यांना गोणपाट गुंडाळून गुडघ्याएवढ्या उंचीवर पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची पट्टी बांधायची, रॅचेटनं ताणायची आणि तिच्यावरून अनवाणी चालायचं. हीच स्लॅकलाइन. पट्टीची रुंदी 5 सेंटिमीटर, कधी त्याच्या निम्मीच. तिच्यावर माणूस उभा राहतो हे मला त्या शिळेपेक्षाही मोठं नवल वाटतं, कारण इथं ओळंबा क्षणोक्षणी पट्टीबाहेर पडत असतो आणि क्षणोक्षणी परत आणावा लागतो.

डोंबाऱ्याच्या खेळातली दोरावरून चालणारी मुलगी आपण पाहिलेली असते. तिच्या हातातला लांब बांबू शरीराचं कलणं मंदावतो, आणि मिळालेल्या त्या वेळात ती स्वतःला सावरते. दोर ताठ, म्हणून शरीर दोराच्या वर आणायचं. स्लॅकलाइनवर हात रिकामे असतात आणि पट्टी डावी-उजवीकडे पळत असते. इथं चालणारा पायानं पट्टीच ओढून शरीराखाली आणतो. सगळं कसब त्या पायात.

पट्टीवर ताण किती येतो? वीस मीटरच्या पट्टीच्या मध्यावर सत्तर किलोचा माणूस उभा राहिला आणि पट्टीला एक मीटर झोळ पडला, तर दोन्ही झाडांवर साधारण साडेतीनशे किलोचा ओढा येतो, म्हणजे वजनाच्या पाचपट. झोळ अर्धा मीटरच ठेवला तर ओढा दुप्पट. म्हणून कोवळ्या झाडाला पट्टी बांधायची नसते.

पहिल्यांदा पाय ठेवला की पाय जोरजोरात थरथरू लागतो, इतका की बघणाऱ्यांनाही पट्टीची थरथर दिसते. नवशिक्याला वाटतं, आपण घाबरलो. खरी गंमत पोटरीत चाललेली असते. पट्टी सरकली की पोटरीचा स्नायू ताणला जातो. त्याची खबर मेंदूपर्यंत न जाता मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंतच जाते आणि तिथूनच आकुंचनाचा हुकूम सुटतो. या फेरीला सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. जमिनीवर तेवढा उशीर चालून जातो. पट्टी तेवढ्यात उलट दिशेला निघालेली असते, म्हणून सावरणारा प्रत्येक झटका तिला आणखी हेलकावा देतो आणि थरथर वाढतच जाते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्लॅकलाइनचा सराव केलेल्यांमध्ये पोटरीची हीच प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली आढळली. म्हणजे शरीर जोर लावायला शिकण्याआधी उतावीळपणा सोडायला शिकतं. एरवी आपल्या हुकमात नसलेली गोष्ट निव्वळ सरावानं निवते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नजरेचंही तसंच. आपण पायाकडे बघतो, पण तिथली पट्टी स्वतःच हलत असते, तिच्यावरून तोल कळणार कसा? म्हणून डोळे समोरच्या झाडावर, पट्टी बांधलेल्या ठिकाणी रोखायचे. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं किती वळलं ते सांगतात, तळवे दाब सांगतात, आणि ती स्थिर खूण या सगळ्यांचा मेळ घालते. लक्ष विचलित झालं की पाय खाली येतो. एकाग्रता किती होती ते तिथल्या तिथं कळतं.

हा खेळ अमेरिकेतल्या गिर्यारोहकांचा. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅडम ग्रोसोव्स्की आणि जेफ एलिंग्टन चढाईच्या पट्ट्या बांधून त्यांवर चालू लागले. 1985 मध्ये स्कॉट बाल्कमनं योसेमिटीच्या लॉस्ट अ‍ॅरो सुळक्यापर्यंत बांधलेली पट्टी ओलांडली. खाली आठशे मीटरहून खोल दरी होती. अशा उंचावरच्या पट्टीला हायलाइन म्हणतात. तिथं कमरेच्या हार्नेसला दोर बांधलेला असतो आणि त्याची कडी पट्टीवरून सोबत सरकते.

जुलै 2024 मध्ये एस्टोनियाचा यान रोसे इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवरून निघाला. पट्टी 3,646 मीटर लांब, वाटेत वारा, चालणं जवळजवळ तीन तासांचं. शेवटाला साधारण 80 मीटर उरले असताना तो पडला. दोरानं धरलं. विक्रम हुकला. तो पुन्हा पट्टीवर चढला आणि उरलेलं अंतर चालून पलीकडे पोचला.