मुद्दल खाणारी तहान

'अति तेथे माती' असे आपण सहज म्हणतो. पण अति म्हणजे नेमके किती? माझ्या मते जितके भरून येते त्याहून जास्त उपसले, की ते अति. व्याजावर घर चालते. मुद्दल खाऊ लागलो, की दिवस मोजावे लागतात.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हे पाण्याकडून शिकावे. इथल्या जमिनीखाली काळा कातळ आहे. तो वाळूसारखे पाणी पीत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पावसाळ्यात त्या भरतात, तेवढेच आपले वर्षाचे व्याज.

मोटेच्या काळात विहीरच माणसाला आवरत असे. तळ दिसला की बैल थांबत, माणूसही थांबे. बोअरचा तळ कुणाला दिसत नाही. बटण दाबले की पाणी येते आणि एक दिवस येत नाही. मग शेजाऱ्याहून शंभर फूट खोल जायचे. पण खोल गेल्याने नवे पाणी तयार होत नाही. पुष्कळदा शेजारच्या विहिरीचेच ओढले जाते. म्हणून अतिउपशाची झळ आधी उपसणाऱ्याला लागत नाही. ज्याची विहीर उथळ, त्याला लागते आणि त्याच्या घरातल्या बाईच्या डोक्यावर घागर चढते.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरहून, म्हणजे सुमारे २०० फुटांहून खोल विहिरींना मनाई केली आहे. पण कायदा प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही.

मग पिकवायचेच नाही का? तसे नव्हे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र हळद आठ-नऊ महिने शेतात असते. तिला ठिबकने पाणी दिले तर बचत होते. त्याच बचतीवर आणखी एकर वाढवले, तर बचत कसली? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, मगच पिके ठरवते. शेतीसाठी बोअर तिथे चालत नाही. आपल्या गावानेही पावसाळा संपताच विहिरी मोजून पेरा ठरवायला काय हरकत आहे?

वजू करताना वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका, ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो. नदीत किती आहे, हे तिथे विचारलेलेच नाही. विचारले आहे ते इतकेच, की तुम्हाला किती लागते?