सांगण्याचा क्रम, यंत्राचा क्रम (लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण कॉमेंट पाहिल्या. कोडच्या ओळींमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या या टिपांकडे कंपायलर ढुंकूनही पाहत नाही. त्यांची अडचण अशी की कोड यंत्राला हवा त्या क्रमाने मांडलेला असतो आणि स्पष्टीकरणाला त्याच्यामागे फरफटत जावं लागतं. कोड बदलला तरी टीप जुनीच राहते, ते वेगळंच. स्वतंत्र डॉक्युमेंटेशनची गत तर आणखी वाईट. इंजिनिअरिंगला जर्नल पूर्ण केलेल्या कोणालाही विचारा. प्रोग्रॅम आधी चालतो, ‘राइटअप’ सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवला जातो, आणि तोही बहुधा मित्राच्या जर्नलमधून.

स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नूथ यांनी हा क्रम उलटा केला. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं १९७७ मध्ये त्यांनी पाहिली. छपाई इतकी खटकली की ते अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला बसले. हाच तो टेक. तो नाना तऱ्हेच्या संगणकांवर बसवायचा, तर परक्या माणसाला वाचून कळायला हवा. म्हणून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टेक नव्याने लिहिताना त्यांनी ‘वेब’ नावाची व्यवस्था वापरली. (वर्ल्ड वाइड वेब तेव्हा जन्मलंही नव्हतं.) आणि १९८४ मध्ये ‘द कॉम्प्युटर जर्नल’मध्ये लेख लिहून या पद्धतीची ओळख करून दिली: लिटरेट प्रोग्रॅमिंग.

व्यवस्था अशी. लेखक एकच फाइल लिहितो. तिच्यात लहान लहान कलमं असतात. प्रत्येक कलमात आधी साध्या भाषेत विचार, मग त्या विचाराचा कोड. कोडच्या तुकड्याला नाव द्यायचं, हवं तर अख्खं वाक्य. पुढे दुसऱ्या कोडमध्ये तेच नाव लिहिलं की तो तुकडा तिथे आला असं धरायचं. या फाइलवर दोन प्रोग्रॅम चालतात. ‘टँगल’ तुकडे यंत्राच्या क्रमाने जुळवून पास्कलचा कोड काढतो. ‘वीव्ह’ त्याच फाइलमधून छापण्याजोगा मजकूर तयार करतो आणि कोणतं नाव कुठे वापरलं याची सूचीही जोडतो.

याचा फायदा क्नूथ यांच्याच एका छोट्या प्रोग्रॅमवर पाहू. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मधल्या आपल्या सदरासाठी त्यांना एक गणित घातलं: एखाद्या मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द, त्यांच्या संख्येसह, उतरत्या क्रमाने छापा. पास्कलमध्ये हे लिहायचं तर सगळे स्थिरांक आधी, मग टाइप, मग सगळी व्हेरिएबल, मग प्रोसीजर, आणि मुख्य प्रोग्रॅम अगदी शेवटी. म्हणजे शब्द साठवायची युक्ती वाचकाला कळण्याआधीच तिची व्हेरिएबलं त्याच्यापुढे येऊन उभी राहतात. वेबमध्ये क्नूथ थेट युक्तीवर येतात, ती समजावतात आणि तिथेच ‘ग्लोबल व्हेरिएबल’ या नावाच्या तुकड्यात आणखी दोन-चार ओळींची भर घालतात. पुढे क्रम लावण्याचा विषय आला की त्याच नावात पुन्हा भर. विखुरलेल्या या ओळी एकत्र करून वर नेऊन ठेवायचं काम टँगलचं.

या पद्धतीचा जीव इथेच आहे. नीटस छपाई आणि सूची या वरच्या गोष्टी. माणसाला कळेल त्या क्रमाने लिहायची मोकळीक हीच खरी कमाई. टँगलचा कोड तर मुद्दामच वाचवणार नाही असा निघे: कॉमेंट गायब, ओळी ठासून भरलेल्या. दुरुस्ती करायची तर मूळ फाइलमध्येच करा, असा त्यामागचा दंडक.

त्या सदरात क्नूथ यांच्या प्रोग्रॅमचं परीक्षण केलं बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी. मांडणीला त्यांनी दाद दिली आणि मग तेच काम युनिक्सच्या सहा तयार आज्ञा पाइपने जोडून करून दाखवलं. हा किस्सा लोक अजून चवीने सांगतात, जणू क्नूथ हरले. मला तसं वाटत नाही. तयार अवजारं असतील तर ती वापरावीत, हे मॅकिलरॉय यांचं म्हणणं रास्तच आहे. पण ते प्रोग्रॅम नव्याने लिहावा की नाही याबद्दल आहे. लिहिलाच तर तो कसा सांगावा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

टेकचा संपूर्ण प्रोग्रॅम १९८६ मध्येच १,३८० कलमांचं पुस्तक होऊन बाजारात आला. नंतर सी भाषेसाठी ‘सीवेब’ आलं. नॉर्मन रॅम्झी यांनी केलेलं ‘नोवेब’ कोणत्याही भाषेबरोबर चालतं आणि शिकायला सोपं आहे. मॅट फार आणि ग्रेग हम्फ्रीज यांचं ‘फिजिकली बेस्ड रेंडरिंग’ हे २००४ चं पुस्तक याच पद्धतीचं: प्रकाशाचं गणित आणि ते चालवणारा कोड एकाच मजकुरातून निघतात. त्यांना व पॅट हॅनराहन यांना या कामासाठी २०१४ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मग ज्युपिटर नोटबुक? ती चांगलीच आहे, पण तिला लिटरेट म्हणायला मी कचरतो. मजकूर आणि कोड शेजारी असतात खरे, क्रम मात्र यंत्राचाच, वर कप्पे हवे तसे पुढेमागे चालवून गोंधळ घालायची सोय. कोडमधल्या टिपा उपसून पानं तयार करणारं डॉक्सिजनही त्यातलंच. इमॅक्समधलं ऑर्ग मोड मात्र तुकड्यांना नावं देतं, टँगलही करतं.

तोटेही आहेत. कंपायलर चूक दाखवतो ती टँगल झालेल्या फाइलमधली ओळ. नोवेबमध्ये मूळ ओळींचा माग ठेवायची सोय आहे, पण ती आठवणीने चालू करावी लागते. त्याहून मोठी अडचण माणसांची. चमूतल्या एकाने जरी घाईत निघालेल्या कोडमध्येच दुरुस्ती केली, तर पुढच्या टँगलला ती पुसली जाते. चांगलं गद्य लिहायची हौस सगळ्यांना नसते, हेही आहेच. म्हणून दहा-वीस जणांच्या रोज बदलणाऱ्या कामात मी ही पद्धत सुचवणार नाही. एकट्या-दुकट्याने लिहिलेलं, डोकं खाणारं आणि वर्षानुवर्षं टिकायचं असं काही असेल, तर जरूर.

करून पाहायचं असेल तर तुमचाच एखादा शे-दीडशे ओळींचा जुना प्रोग्रॅम घ्या आणि ऑर्ग मोडमध्ये नव्याने मांडा. सुरुवात पहिल्या ओळीपासून करू नका. समजावायला सर्वांत अवघड जागा कोणती ते शोधा आणि तिथून करा. पुढच्या लेखांकात टेस्टबद्दल.