समजून घ्या : मराठवाड्याचा सशस्त्र लढा, लढलेल्या संपादकाच्या नजरेतून

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. मराठवाडा मात्र आणखी १३ महिने निजामाच्या राजवटीत होता.

लढा कसा चालला?
संस्थानाच्या हद्दीबाहेर कॅम्प होते. तिथून आत शिरून करोडगिरी नाकी आणि पोलिस चौक्यांवर हल्ले व्हायचे. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली, ती लढ्याला पैसा हवा म्हणून.

नोंद कोणाची?
या लढ्यात उतरलेले अनंत भालेराव पुढे औरंगाबादच्या दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक झाले. ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक त्यांचंच.

वाचताना काय लक्षात ठेवायचं?
लेखक तटस्थ बातमीदार नव्हे, लढणाऱ्यांपैकी एक. म्हणूनच माहिती आतली मिळते. पण १७ सप्टेंबर १९४८ नंतर सामान्य मुस्लिमांनी काय सोसलं, यासाठी सुंदरलाल समितीचा अहवालही वाचावा.