वर जाण्याआधीची दहा मिनिटं

लग्नाचा सीझन आला की अलिबाग, नागाव, किहीमच्या फार्महाऊसवर मांडव उभे राहतात. फुलांच्या माळा सोडायच्या, लाईट बांधायचे, वरून व्हिडिओ घ्यायचा, या कामांत कॉलेजची मुलं-मुलीही दिसतात. दोन पैसे मिळतात, इव्हेंटचा अनुभव पदरात पडतो. पूर्वी हे सगळं शिडीवर नाहीतर बांबूच्या परांचीवर व्हायचं. आता मोठ्या इव्हेंटला भाड्याने लिफ्ट येते. कात्रीसारख्या घड्या उलगडत सरळ वर जाते ती सिझर लिफ्ट. लांब हाताच्या टोकाला पाळणा असतो ती बूम लिफ्ट. बटण दाबलं की वर! म्हणूनच तिची भीती वाटत नाही, आणि गडबड तिथेच होते.

२७ ऑक्टोबर २०१०. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात फुटबॉलचा सराव चालू होता. वीस वर्षांचा एक विद्यार्थी सिझर लिफ्टवरून शूटिंग करत होता, साधारण १२ मीटर उंचीवर. वाऱ्याचे झोत ताशी ८० किलोमीटरच्या वर गेले, लिफ्ट उलटली आणि तो गेला. चौकशीत विद्यार्थ्यांना नीट प्रशिक्षण नव्हतं, यंत्राच्या तपासणीत हयगय झाली होती, असं निघालं. विद्यापीठाला ७७,५०० डॉलर दंड झाला. पुढे तिथे रिमोटवर चालणारे कॅमेरे आले.

हे लांबचं वाटतंय? मग १८ जानेवारी २०२४ आठवा. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत एका कंपनीचा रौप्यमहोत्सव होता. स्टेजवर उतरणाऱ्या पिंजऱ्याची एक तार तुटली आणि कंपनीच्या सीईओंचा जीव गेला. ती लिफ्ट नव्हती, पण प्रश्न तोच. वापरण्याआधी नीट कोणी पाहिलं होतं का?

आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने वजन उचलणाऱ्या यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा जाणकाराकडून कसून तपासणी सक्तीची केली. पण वर्षाची तपासणी म्हणजे आजची तपासणी नव्हे. काल दुसऱ्या साईटवर यंत्राला काय लागलं, ते सर्टिफिकेटला कसं कळणार? म्हणून रोज, प्रत्येक शिफ्टच्या आधी एक फेरी मारायची. ही फेरी ऑपरेटरने मारायची असते, पण पाळण्यात तुम्ही उभे राहणार असाल तर तुम्हीही तिच्यासोबत फिरा.

आधी डोळ्यांनी. खाली तेलाचा डाग आहे का? हायड्रॉलिक पाईप फुगलाय, चिरलाय का? टायर, वेल्डिंगचे जोड, पिना बघा. खाऱ्या हवेत सायकलची चेन किती टिकते, हे अलिबागकरांना सांगायला नको. पाळण्याचं कठडं हलवून बघा. दार आपोआप बंद होतंय ना? की सुतळीने बांधलंय?

मग पाटी वाचा. किती माणसं, किती किलो, ते यंत्रावरच लिहिलेलं असतं. किलोत माणसांबरोबर हत्यारं, लाईट, केबलचं भेंडोळं सगळं धरायचं. पाटी पुसली गेली असेल तर तोही दोषच.

मग रिकामा पाळणा हलवा. खालच्या कंट्रोलवरून वर-खाली करून बघायचं. लाल बटण दाबल्यावर यंत्र जागीच थांबलं पाहिजे. बॅटरी गेली तर पाळणा खाली कसा आणायचा, हे जमिनीवर थांबलेल्या किमान एका माणसाला यायलाच हवं.

शेवटी जागा. पुळणीची वाळू, वाडीतली भुसभुशीत माती, सेप्टिक टँकचं झाकण, यावर चाक नको. वर वीजतारा आहेत का? माडाच्या झावळ्यांत त्या चटकन दिसत नाहीत. बूम लिफ्टमध्ये हार्नेस घालायचा आणि त्याचा हुक पाळण्यातल्या ठरलेल्या कडीलाच अडकवायचा.

आणि वारा. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आपण विसरलेलो नाही, पण लिफ्ट उलटायला तेवढं वादळ लागत नाही. बाहेर वापरायच्या अनेक यंत्रांची मर्यादा ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास असते. काही तर फक्त बंद हॉलसाठीच असतात. सकाळी पान हलत नसतं आणि दुपारी समुद्राचा वारा सुटतो. वर फ्लेक्स किंवा कापड लावलं की त्याचं शीड होतं, हे वेगळंच. म्हणून जेवणानंतर पुन्हा वर जाताना वारा पुन्हा बघायचा.

हे सगळं करायला दहाएक मिनिटं लागतात. अवघड आहे ते पुढचं. पाहुणे यायची वेळ झालीय, कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, "अरे, काही होत नाही, चढ!" दिवसाच्या पैशांवर आलेल्या मुलाला तिथे नाही म्हणणं जड जातं. उद्या बोलावणार नाहीत, ही भीती खरीच आहे. म्हणून हे एकट्याने करू नका. काम घेतानाच ग्रुपने विचारा, लिफ्ट कोण तपासणार, हार्नेस आहे का, ऑपरेटर शिकलेला आहे का? घरात कुणी थळच्या आरसीएफला असेल, तर 'वर्क परमिट' म्हणजे काय ते त्यांना विचारून घ्या. आणि शंका आली तर सरळ सांगा, "आधी दुरुस्त करा, मग चढतो." माळ थोडी खाली बांधली म्हणून कुणाचं लग्न अडत नाही.